ओळख काढायची की घडवायची?

अनोळखी माणसाशी बोलायची मराठी माणसाची एक ठरलेली रीत आहे. आधी गाव विचारायचं, मग आडनाव, मग त्या गावातलं त्या आडनावाचं कुणी आपल्या माहितीतलं आहे का, हे चाचपायचं. चार-पाच प्रश्नांत कुणाची तरी मावशी, कुणाचा तरी वर्गमित्र, गेलाबाजार एखादं कुलदैवत तरी निघतं आणि बोलणं मार्गी लागतं. ही रीत चालते, कारण दोघांच्याही मागे नात्यागोत्यांचा, गावांचा एकच पसारा असतो. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयात सुदानहून किंवा येमेनहून आलेल्या विद्यार्थ्याशी बोलताना मात्र ती दुसऱ्या प्रश्नालाच अडते. ‘कुठला तू?’ ‘सुदान.’ ‘अच्छा.’ मग इथलं जेवण मानवतं का, हिंदी सिनेमे पाहतोस का, असे दोन प्रश्न सौजन्यापोटी विचारले जातात, त्यांची तितकीच सौजन्यपूर्ण उत्तरं मिळतात आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. आपल्यात बोलण्यासारखं फारसं काही नाही, असा निष्कर्ष दोघांनीही मनातल्या मनात काढलेला असतो. तो चुकीचा असतो. समान काही तरी आधीपासून पडलेलं असतं, ते फक्त हुडकायचं असतं, या समजुतीतून तो निघतो. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत हुडकण्याजोगं थोडंच असतं. बाकीचं बोलता बोलता तयार करावं लागतं. ते कसं तयार होतं आणि कशामुळे होत नाही, याचा बऱ्यापैकी पुरावा आता हाताशी आहे.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये भारतात १६८ देशांतले ४९,३४८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे होते आणि त्याखालोखाल ९ टक्क्यांच्या आसपास अफगाणिस्तानचे. पुण्याला तर या विद्यार्थ्यांची सवय कित्येक दशकांची आहे. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टरही होते, त्या काळातला एक प्रसंग त्यांनी वेळोवेळी सांगितला आहे. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून आत जेवण देताना त्यांना दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीनं अंथरुणाला खिळला आहे आणि या शहरात त्याची विचारपूस करणारं कुणी नाही. १९७१ मध्ये त्यांनी सुरू केलेली ‘सिम्बायोसिस’ ही संस्था पहिल्यांदा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं सांस्कृतिक केंद्र होती. महाविद्यालयं नंतर आली. त्या विद्यार्थ्याच्या आसपास माणसं होती, वर्ग होता, वसतिगृह होतं. एवढं असून त्याची ओळख कुणाशी झालेली नव्हती. शेजार आपोआप ओळख देत नाही, ही गोष्ट पुण्यात पन्नास वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी नजरेला आली होती.

बोलण्यातून समान काही तरी तयार होतं म्हणजे नेमकं काय होतं? हर्बर्ट क्लार्क आणि डिआना विल्क्स-गिब्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याचं उत्तर फार नेटकं देतो. दोन माणसांना एकमेकांचे कागद दिसणार नाहीत असं बसवलं. दोघांपुढे टँग्रॅम या चिनी कोड्यातल्या बारा आकृत्या होत्या. त्या कशासारख्याही दिसत नाहीत आणि मनात आणलं तर कशासारख्याही दिसतात. एकानं वर्णन करायचं आणि दुसऱ्यानं त्यानुसार आकृत्या क्रमानं लावायच्या. पहिल्या फेरीत एकेका आकृतीसाठी सरासरी ४१ शब्द लागले. त्याच जोडीनं तेच काम सहा वेळा केलं आणि सहाव्या फेरीत ८ शब्द पुरले. दरम्यान दोघं आवडीनिवडीनं जवळ आले होते किंवा त्यांच्यात जुनी ओळख निघाली होती, असं काही नव्हतं. एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं शंका काढायची, पहिल्यानं दुरुस्त करायचं, दुसऱ्यानं होकार भरायचा, हे त्यांनी पुनःपुन्हा केलं आणि त्यातून फक्त त्या दोघांची अशी एक परिभाषा उभी राहिली. क्लार्क यांच्या मते सामायिक भूमी म्हणजे दोघांना ठाऊक असलेली आणि ‘हे त्यालाही ठाऊक आहे’ हेही दोघांना ठाऊक असलेली माहिती. ही व्याख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्यात समान धर्म, समान भाषा, समान आवड यांचा उल्लेखच नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो अनुभवाचा. माणसं आपल्यासारख्याच माणसांकडे ओढली जातात, हे कोण नाकारेल? मानसशास्त्रातही हा सिद्धांत जुना आहे. डॉन बर्न यांनी साम्य आणि आकर्षण यांचा संबंध प्रयोगांनी दाखवला, त्याला अर्धशतक उलटलं. पण २००८ मध्ये मॅथ्यू मोंटोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३१३ अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा चित्र बदललं. दोन माणसं भेटलेलीच नसतात किंवा थोडा वेळच भेटलेली असतात, तेव्हा त्यांच्यातलं प्रत्यक्ष साम्य परिणाम करतं. नातं जुनं होतं तसा प्रत्यक्ष साम्याचा प्रभाव जवळपास उरत नाही. टिकतो तो जाणवणाऱ्या साम्याचा. म्हणजे मैत्री मुरलेल्यांना आपण सारखे आहोत असं वाटत राहतं, मोजायला गेलं तर ते तितके सारखे असोत वा नसोत. साम्य खोटं आहे, असा याचा अर्थ नाही. दार उघडण्यापुरता त्याचा उपयोग आहे. आत गेल्यावर काय होतं ते दुसऱ्याच गोष्टींवर ठरतं.

उलट, साम्य फार लवकर सापडलं तर ते संवादाला मारकही ठरू शकतं. क्रिकेटचंच घ्या. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकात अफगाणिस्ताननं श्रीलंकेला सात गडी राखून हरवलं, तेही पुण्याजवळ गहुंज्यात. अफगाण विद्यार्थ्याशी बोलायला यापेक्षा सोयीचा विषय कोणता? पण ‘रशीद खान भारी बॉलर आहे’ यावर दोघांचं एकमत झालं, की बहुतेकदा विषय तिथंच मिटतो. हा खेळ अफगाण लोकांमध्ये रुजला तो पेशावरच्या आसपासच्या निर्वासित छावण्यांमध्ये; तिथं वाढलेल्या मुलांनी पुढे देशाचा संघ उभा केला. तालिबानच्या राजवटीत पुरुषांचा संघ खेळतो आणि महिला संघाला देशात जागा नाही. डिसेंबर २०२२ पासून त्या देशात मुलींना विद्यापीठातही प्रवेश नाही. त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलीला त्या विजयाबद्दल काय वाटलं असेल, हे आपण आपल्या क्रिकेटवेडावरून ताडू शकत नाही. विषय एक असला तरी त्याच्या मागचं आयुष्य एक नाही. नेपाळी विद्यार्थ्याच्या बाबतीत तर साम्य आणखी फसवं असतं. लिपी देवनागरी, देव ओळखीचे, दसऱ्याला दशैं. ‘म्हणजे आमच्यासारखंच’ असं म्हटलं की विचारायला काही उरत नाही. त्याऐवजी ‘त्या दिवशी तुमच्या घरी सकाळपासून काय काय चालतं?’ असं विचारलं, तर दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून थोरांनी धाकट्यांच्या कपाळी लावायचा टीका समजतो, तो पौर्णिमेपर्यंत नातेवाइकांच्या घरोघरी जाऊन घेतात हे समजतं, आणि घटस्थापनेला पेरलेल्या धान्याचे पिवळे कोंब, ज्यांना ते जमरा म्हणतात, आशीर्वादाबरोबर देतात हेही समजतं. मग मराठी मुलाला आठवतं, की गावाकडे आजोबा घटातल्या धान्याचे तुरे टोपीत खोचत असत. हे साम्य ‘आमच्यासारखंच’ या शेऱ्यातून कधीच निघालं नसतं. ते तपशिलातून निघालं, आणि तपशील वेगळेपणाबद्दल विचारल्यामुळे बाहेर आला.

मग वेगळेपणाबद्दलच विचारत सुटावं का? इथं एक अडचण आहे आणि तिचीही तपासणी झालेली आहे. गस कूनी, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की ऐकणाऱ्याला नव्या अनुभवापेक्षा ओळखीच्या अनुभवाबद्दल ऐकायला जास्त आवडतं, आणि गंमत म्हणजे बोलणारा व ऐकणारा दोघांचाही आधीचा अंदाज नेमका याच्या उलट असतो. कारण साधं आहे. माणसं सांगताना पुष्कळ गाळतात. ज्यानं तसलं काही पाहिलेलं असतं तो गाळलेल्या जागा स्वतः भरतो. ज्यानं पाहिलेलं नसतं त्याच्या हाती तुकडे लागतात. खार्टूममध्ये दोन नाईल नद्या जिथं मिळतात तिथल्या संध्याकाळबद्दल सुदानी विद्यार्थी उत्साहानं सांगू लागतो आणि पुढचा माणूस नुसतीच मान हलवतो, तेव्हा कमतरता असते ती जागा भरण्याच्या साहित्याची. रस नसल्याचा दोष ऐकणाऱ्याला देण्याचं कारण नाही. उपायही यातूनच निघतो. ऐकणाऱ्यानं साहित्य मागून घ्यावं: तिथं लोक येतात ते चालत की बसनं, काय खातात, मुली एकट्या येतात का, रात्री किती वाजेपर्यंत वर्दळ असते. असे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण ‘तुमची संस्कृती कशी आहे?’ या भारदस्त प्रश्नापेक्षा ते कितीतरी उपयोगी असतात, कारण त्यांना उत्तर देता येतं आणि प्रत्येक उत्तरानं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं चित्र थोडं अधिक भरतं.

भाषेची धास्ती हा पुढचा अडसर. दोघंही इंग्रजीत बोलत असतात आणि ती बहुधा दोघांचीही मातृभाषा नसते. अशा वेळी शांततेचा अर्थ लावताना गफलत होते. तान्या स्टिव्हर्स यांच्या गटानं २००९ मध्ये दहा भाषांमधलं बोलणं मोजलं. एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या एक पंचमांशाएवढं निघालं. भाषा-भाषांमधला फरकही तुटपुंजा होता: सगळ्यांत चटपटीत जपानी आणि सगळ्यांत संथ डॅनिश यांच्यात जेमतेम अर्धा सेकंद. म्हणजे उत्तर किती लवकर यावं याबद्दल माणसाची अपेक्षा फार काटेकोर असते. मनात अरबीतून किंवा फारसीतून इंग्रजीत वाक्य जुळवणाऱ्याला थोडा वेळ जास्त लागतो, आणि तेवढ्यात समोरचा ‘याला बोलायचं नाही’ असं समजून विषय बदलतो. दुसरी गफलत ‘समजलं नाही’ म्हणायला लाजण्याची. मार्क डिंगमान्से आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बारा भाषांचा अभ्यास केला, तेव्हा आपापल्या मातृभाषेत बोलणारी माणसंसुद्धा सरासरी दीड मिनिटाच्या आतच एकदा ‘अं?’, ‘कोण?’, ‘म्हणजे अमुक का?’ असं विचारून बोलणं दुरुस्त करून घेतात, असं आढळलं. न समजणं हा संवादातला अपघात नाही. तो रोजचा व्यवहार आहे. परभाषेत बोलणारे मात्र समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून न कळलेलं तसंच पुढे जाऊ देतात. सौजन्य शाबूत राहतं आणि क्लार्क यांच्या व्याख्येतली भूमी तेवढी कमी होते. त्यातल्या त्यात चांगली दुरुस्ती ती, जिच्यात आपल्याला कळलेलं आपण बोलून दाखवतो: ‘म्हणजे परीक्षा झाली, पण निकाल अडकला, असंच ना?’ यात चूक असेल तर ती लगेच कळते आणि बरोबर असेल तर दोघांना एका पायरीवर आल्याची खात्री पटते.

यापलीकडे एक तोल सांभाळावा लागतो. आर्थर एरन यांनी १९९७ मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्यांना छत्तीस प्रश्न दिले. ते हळूहळू खासगी होत जाणारे होते आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं होतं. पाऊण तासानंतर या जोड्यांना एकमेकांबद्दल जी जवळीक वाटली, ती इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. त्या प्रश्नांची यादी पुढे बरीच गाजली, पण तिच्यातलं बळ देवाणघेवाणीत आहे. परदेशी विद्यार्थ्याशी होणाऱ्या बोलण्यात नेमकी हीच गोष्ट हरवते. यजमान विचारत राहतो, पाहुणा सांगत राहतो, आणि गप्पांची मुलाखत होते. व्हिसासाठी, विदेशी नोंदणी कार्यालयासाठी, घरमालकासाठी तीच उत्तरं देऊन तो आधीच कंटाळलेला असतो. त्यात २०२३ पासून युद्धात होरपळणाऱ्या सुदानच्या विद्यार्थ्याला ‘सुट्टीत घरी जाणार का?’ हा साधा प्रश्नही सोपा राहत नाही. म्हणून विचारण्याआधी थोडं आपलं सांगावं. ‘माझी आई रोज फोन करते आणि मी जेवलो का एवढंच विचारते’ असं एकानं म्हटलं, की दुसऱ्याला घरच्यांबद्दल हवं तेवढंच बोलण्याची वाट मिळते आणि न बोलण्याचीही.

‘पण ही मुलं आपल्याआपल्यातच राहतात,’ हा आक्षेप महाविद्यालयांत नेहमी ऐकू येतो. तो खरा आहे, अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. स्टीफन बॉक्नर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हवाईतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला. त्यांना तीन वर्तुळं आढळली: आपली भाषा-संस्कृती जपण्यासाठी देशबांधव, अभ्यास आणि व्यवहाराच्या मदतीसाठी स्थानिक लोक, आणि विरंगुळ्यासाठी इतर देशांतले परदेशी. तिन्हींची कामं वेगळी आहेत. देशबांधवांचं वर्तुळ हा स्थानिकांना नकार नव्हे. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या महाराष्ट्र मंडळाकडे पाहून हे कुणाही मराठी माणसाला कळेल. खरा प्रश्न उरतो तो स्थानिकांचं वर्तुळ कामापुरतंच का राहतं हा. नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांबद्दल लिहिलं, की सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची घडी सगळ्यांत विस्कटलेली होती. त्याहून कमी किंवा त्याहून जास्त राहिलेले बरे होते. प्रत्येकाचा प्रवास असा ठरावीक वळणानं जात नाही, हे पुढच्या संशोधनानं दाखवलं आहे. तरी एक इशारा घेण्यासारखा आहे. स्वागत समारंभ पहिल्या आठवड्यात होतात, आणि सोबतीची गरज सहा महिन्यांनंतर अधिक असू शकते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप सत्तेचा आहे. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावानं मारहाण केली. भाड्यानं घर नाकारलं जातं, रस्त्यात शेरे मारले जातात. अशा वातावरणात ‘एकमेकांशी बोला’ हा सल्ला भाबडा नाही का? आणि समजावून सांगायचं ओझं पुन्हा त्याच विद्यार्थ्यावर का? हा आक्षेप मोडीत काढता येत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच बजावलं होतं, की संपर्कानं पूर्वग्रह कमी व्हायचे तर दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, काम मिळून करायचं हवं आणि संस्थेचा पाठिंबा हवा. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. या अटी नसतानाही संपर्काचा काही उपयोग होतो, अटी असल्या तर जास्त होतो, असं त्यांना आढळलं. पण त्याच दोघांनी हेही दाखवलं, की अल्पसंख्य गटातल्या माणसांवर हा परिणाम कमी होतो. ते साहजिक आहे. वर्गात एक जण नीट बोलला म्हणून संध्याकाळी घरमालक बदलत नाही. एलिझाबेथ पलक यांच्या गटानं नंतर फक्त काटेकोर प्रयोग निवडले, तेव्हा जेमतेम सत्तावीस हाती लागले आणि प्रौढांच्या वांशिक पूर्वग्रहांबद्दलचा पुरावा तोकडाच निघाला. तेव्हा संवाद हा कायद्याला, सुरक्षेला किंवा वसतिगृहातल्या खोलीला पर्याय नाही. मात्र या गोष्टींसाठी तक्रार करताना सोबत येणारा स्थानिक मित्र ज्याला असतो, त्याची बाजू वेगळी पडते, आणि असा मित्र संवादाशिवाय मिळत नाही.

शेवटचा आक्षेप मतभेदांचा. धर्म, स्त्री-पुरुष संबंध, राजकारण यांवर मतं टोकाची वेगळी असतील तर सामायिक भूमी कुठून आणायची? इथं क्लार्क यांची व्याख्या कामी येते. ‘देव मानावा की नाही यावर आपलं पटत नाही, का पटत नाही हे मला माहीत आहे आणि मला ते माहीत आहे हे तुला माहीत आहे’ हीसुद्धा सामायिक भूमीच आहे, आणि खोट्या एकमतापेक्षा ती भक्कम असते. अवघड आहे ते मतभेद एकमेकांना नीट मांडून दाखवण्याइतका वेळ मिळणं. एलिझाबेथ पेज-गूल्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बर्कलीत लॅटिनो आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या एरन यांच्या पद्धतीनं तीन वेळा भेटवल्या. ज्यांना अशा भेटींची सर्वाधिक धास्ती होती, त्यांच्यातलं कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकाचं प्रमाण भेटीगणिक उतरत गेलं. पहिल्या भेटीवरून मैत्रीचा निकाल लावणारा माणूस ही उतरण पाहण्याआधीच उठून गेलेला असतो.

म्हणून महाविद्यालयांनी आपला जमाखर्च एकदा तपासावा. वर्षातून एकदा होणाऱ्या आंतरराष्ट्रीय दिनाला प्रत्येक देशाचा पोशाख, एक नाच आणि एक पदार्थ मांडला जातो. त्यात देश दिसतात, माणसं दिसत नाहीत. त्याच खर्चात, किंबहुना काहीही खर्च न करता, प्रयोगशाळेतली जोडी, क्षेत्रभेटीतला गट किंवा प्रकल्पातला भागीदार पूर्ण सत्रभर कायम ठेवता येतो. अशा कामात दर्जा समान असतो, उद्दिष्ट एक असतं, भेट पुनःपुन्हा होते आणि ‘हे म्हणजे काय?’ विचारायला निमित्त लागत नाही. सत्राच्या अखेरीस त्या दोघांच्या आवडीनिवडी किती जुळल्या हे मोजू नये. त्यांना एकमेकांना एखादी गोष्ट सांगायला पहिल्या आठवड्याच्या मानानं किती कमी शब्द लागतात, एवढं पाहावं.